पहाटे चारचा रिपोर्ट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त एका फाईलचं.

झालं असं, की परवा माळ्यावरून लोणच्याच्या बरण्या काढताना आईची जुनी फाईल धप्पकन खाली आली. रबर केव्हाच तुटलेलं, त्यामुळे सगळे कागद स्वयंपाकघरभर. बरण्या राहिल्या बाजूला, मी फरशीवर बसून तारखेप्रमाणे कागद लावायला लागले. मे २०१८. सोडियमचे रिपोर्ट एकापाठोपाठ एक. गुरुवार, दुपारी चार : १०४. रात्री दहा : १०९. त्यानंतरचा कागद एकदम शुक्रवार सकाळी दहाचा : १२६. मधे पहाटे चारचा एक कागद असायला हवा होता. तो हरवलेला नाही. ती तपासणी झालीच नव्हती. का झाली नाही हे फक्त मला ठाऊक आहे, असं इतकी वर्षं मी समजत होते.

नातेवाईक मंडळींना आईचं आजारपण माहीत आहे, पण ते 'साताऱ्यात सलाईन लावलं आणि बिचारी लुळी पडली' एवढंच. लग्नकार्यात कुणी ना कुणी त्यात भर घालतं. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

आई तेव्हा ७१ वर्षांची होती. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत दादा-वहिनींबरोबर राहणारी. मी इकडे सांगलीला. आईला ब्लडप्रेशर होतं आणि डॉक्टरांनी कधीतरी 'मीठ जरा बेतानं खा' असं सांगितलं होतं. आता आमच्या आईला 'जरा' हा शब्द कळत नाही. चातुर्मासात कांदा सोडावा तसं तिनं मीठ सोडलं. आधी पापड-लोणचं, मग आमटीतलं, मग भाकरीच्या पिठातलं. तिच्यासाठी वेगळं छोटं पातेलं असायचं. लोणचं मात्र दरवर्षी घालायची, आम्हा सगळ्यांसाठी, चव न बघता. हाताला अंदाज होता, आणि तो कधी चुकला नाही.

त्यात त्या वर्षी फेब्रुवारीत तिची गोळी बदलली. नवीन गोळीच्या नावापुढे 'एच' हे अक्षर होतं. या 'एच'कडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढून रक्तदाब उतरवणारं औषध. (औषध वाईट नाही हं. माझे सासरे हेच घेतात, कित्येक वर्षं, आणि ठणठणीत आहेत. त्यामुळे हे वाचून कुणी गोळी बंद करू नका. फार तर एकदा सोडियम तपासून घ्या.) पण काही जणांमध्ये, विशेषतः म्हाताऱ्या, बारीक अंगाच्या, कमी खाणाऱ्या बायकांमध्ये, या गोळीने रक्तातलं सोडियम उतरत जातं. माझी आई या वर्णनात इतकी तंतोतंत बसते की जणू तिच्याकडे बघूनच ते लिहिलं असावं.

आणि तिसरी गोष्ट पाणी. एप्रिलपासून आई मलूल होती. मळमळतंय, चालताना झोक जातोय, नावं आठवत नाहीत. आम्ही काय म्हणणार? ऊन बाधलं. साताऱ्याला दादा आणि फोनवरून मी, आमचं एकच पालुपद, 'आई, पाणी पी'. ती शिस्तीची बाई, तांब्या मोजून पाणी प्यायची. खाणं मात्र अर्धी भाकरी, अळणी आमटी आणि चहा. म्हणजे आधीच कमी झालेल्या मिठात आम्ही रोज पाणी ओतत होतो!

त्या गुरुवारी दुपारी तिनं दादाला विचारलं, "मधली सुट्टी संपली का रे?" दादाने रिक्षा आणली.

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असतं. आईचं १०४ आलं. डॉक्टर म्हणाले, "मीठ फार कमी झालंय, ॲडमिट करूया." दादाचा मला फोन आला आणि खरं सांगते, मला हुश्श झालं. मी मनात ट्यूमरपासून अल्झायमरपर्यंत सगळं फिरून आले होते. मीठ काय, भरून काढता येईल! मिळेल त्या एसटीने निघाले. आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा. सव्वाशे किलोमीटर सगळ्यांना फोन करत गेले, की काळजीचं काही नाही, नुसतं मीठ कमी झालंय.

पोचले तेव्हा आई गुंगीत होती. सलाईन सुरू झालं होतं. डॉक्टरांनी दर सहा तासांनी सोडियम बघायचं असं लिहून ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगतेय. त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, काय लागेल ते करा, पण लवकर करा." ते म्हणाले, "यात लवकर करून चालत नाही." मला ते नेहमीचं डॉक्टरी बोलणं वाटलं.

रात्री दादाला घरी पाठवलं आणि मी थांबले. बारानंतर आईची लघवीची पिशवी भराभर भरायला लागली. पाण्यासारखी स्वच्छ. मावशींनी एकदा पिशवी रिकामी केली, दोन तासांत पुन्हा टम्म. मावशी म्हणाल्या, "लघवी चांगली व्हायलीय, आता आजी उठून बसत्यात बघा." मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे 'लघवी होतेय ना' हीच पेशंट सुधारल्याची पहिली खूण. मी दादाला मेसेजसुद्धा टाकला.

ती खूण नेमकी उलटी होती, हे पुढे कळलं. शरीरातलं मीठ-पाणी आटलं की मेंदू एक संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंडांना बजावतो, पाणी धरून ठेवा. आईच्या बाबतीत हे कित्येक आठवडे चाललं असणार, म्हणूनच प्यायलेलं पाणी आत साठत गेलं आणि सोडियम पातळ झालं. सलाईनने ती तूट भरली की संप्रेरक थांबतं. मग मूत्रपिंडं साठलेलं पाणी धडाधड बाहेर टाकतात आणि रक्तातलं सोडियम आपोआप वर चढायला लागतं. सलाईनमुळे चढतं त्याहून कितीतरी वेगाने. अशा वेळी वरचेवर रक्त तपासून, गरज पडली तर सलाईन थांबवून, साखरेचं पाणी शिरेतून देऊन तो वेग रोखावा लागतो. डेस्मोप्रेसिन नावाचं औषधही असतं, त्याने लघवीची ती धार थांबवता येते. म्हणून तर दर सहा तासांनी रक्त.

पहाटे चारला सिस्टर आली. अगदी पोरसवदा. "ताई, आजींचं ब्लड घ्यायचंय." आईचे दोन्ही हात सुया टोचून काळेनिळे झाले होते. शीर सापडत नव्हती, दहाच्या वेळेला तीनदा टोचलं होतं तेव्हा आई गुंगीतही कण्हली होती. आणि आता कित्येक दिवसांनी तिला शांत झोप लागली होती. मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय हो तिचा. आता बरी आहे ती. सकाळी घ्या ना." सिस्टर म्हणाली, "सरांनी लिहिलंय." मी म्हटलं, "सरांना मी सांगते." ती जरा वेळ उभी राहिली आणि गेली.

सकाळी सातला आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कधी आलीस? आणि हा काय अवतार, वेणी तरी घाल." कित्येक आठवड्यांनी आमची आई आम्हाला परत मिळाली होती. तिला चहा हवा होता. दादा आला, त्याच्याशी पेपरातल्या बातम्यांवर बोलली. मी फोनवर फोन केले. तुमच्यापैकी कितीतरी जणांना त्या सकाळी मी फोन केला असेल, आठवतंय ना? वहिनी तर राजवाड्यावरून कंदी पेढे घेऊन आली.

दहाला रक्त घेतलं. १२६. अठरा तासांत बावीसने वर. डॉक्टर राउंडला आले, कागद बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "चारचा रिपोर्ट कुठाय?" मी काहीच बोलले नाही. सिस्टरची ड्यूटी बदलली होती. त्यांनी सलाईन बंद केलं, भरपूर पाणी द्यायला सांगितलं. "जरा जास्तच वेगाने चढलंय. बघू," म्हणाले. आमच्यासमोर आई पलंगावर बसून पेढा खात होती. बघण्यासारखं काय आहे, हेच आम्हाला कळेना.

सोमवारी घरी आलो. मंगळवारी आईचा आवाज जाड झाला. बुधवारी चहाचा घोट घेताना ठसका लागला आणि चहा नाकातून बाहेर आला. गुरुवारी सकाळी तिला हात उचलता येईना, पायही. दादा म्हणाला, लकवा. पण लकवा एका बाजूला होतो, हा तर दोन्हीकडून. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून इकडे मिरजेला आणलं. मिरज म्हणजे वानलेस साहेबांपासूनचं, १८९४ सालापासूनचं दवाखान्यांचं गाव. या भागातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की पाय तिकडेच वळतात. शिवाय माझं घर जवळ. कराडला कोयनेचा पूल ओलांडताना आईकडे बघितलं. तोवर तिचा चेहराही हलायचा थांबला होता. फक्त डोळे माझ्यावर.

तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी तपासायच्या आधी एकच गोष्ट मागितली, साताऱ्याचे सोडियमचे सगळे कागद. वेळेसकट. ते बघून गप्प झाले. एमआरआयमध्ये पहिल्या दिवशी विशेष काही दिसलं नाही आणि आम्हाला आशा वाटली. तेच म्हणाले की हे उशिरा दिसतं, कधीकधी दोन आठवड्यांनी. दहा दिवसांनी पुन्हा केला तेव्हा मेंदूच्या देठात, बरोबर मधोमध, पांढरा डाग होता. त्या भागाला पॉन्स म्हणतात. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल. मेंदूकडून हातापायांना, जिभेला, घशाला जाणाऱ्या ताराच तारा तिथून जातात.

डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. मी माझ्या भाषेत सांगते. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. बाहेर खारट झालं की आतलं पाणी बाहेर येतं. उलट फोडी साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. आईचं रक्त पातळ होत गेलं तेव्हा मेंदूच्या पेशी अशाच फुगायला हव्या होत्या. पण मेंदू कवटीत बंद, त्याला फुगून चालत नाही. म्हणून पेशी स्वतःतले क्षार आणि इतर काही द्रव्यं बाहेर टाकून हलक्या होतात. दोनेक दिवसांत हे जमतं. म्हणजे आईचा मेंदू १०४ शी कसंबसं जुळवून घेऊन बसला होता. टाकलेलं सामान परत भरायला मात्र त्याला बरेच दिवस लागतात. ते भरायच्या आत बाहेरचं मीठ एकदम वाढलं तर पेशींमधलं पाणी ओढलं जातं, आणि त्यात मरतात त्या मज्जातंतूंभोवती मायलिनचं वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी. तार शाबूत असते, पण वरचं वेष्टण निघून जातं. संदेश पोचत नाहीत. हे व्हायला दोन ते सहा दिवस लागतात, म्हणून मधे ती खोटी सुधारणा. तो पेढा.

या दुखण्याचं आताचं नाव ऑस्मॉटिक डिमायलिनेशन सिंड्रोम. १९५९ साली बोस्टनच्या ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं तेव्हा नाव वेगळं होतं, सेंट्रल पॉन्टाइन मायलिनोलायसिस. त्यांना ते दारूच्या व्यसनात बुडालेल्या आणि कुपोषित रुग्णांत दिसलं होतं. उपचारांच्या वेगाशी याचा संबंध असेल हे सत्तरच्या दशकात पुढे आलं, मग प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसंच दिसलं, आणि १९८६ मध्ये स्टर्न्स आणि सहकाऱ्यांनी अशा आठ रुग्णांची हकीकत मांडली. सगळ्यांचं सोडियम दिवसाला बारापेक्षा जास्त वेगाने चढलेलं. आता डॉक्टर आणखी सावध असतात. ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी चोवीस तासांत आठ. आईचं बावीस, तेही अठरा तासांत.

मी डॉक्टरांना विचारलं, की शेवटी १२६ तर झालं, नॉर्मलपेक्षा कमीच की. मग बिघडलं कुठे? त्यांनी मला उलट विचारलं, "तुम्ही सांगलीच्या ना? कोयनेतून पाणी सोडलं की काय बघता?"

"आयर्विनला किती फूट आहे ते."

"आणि तासाला किती फूट चढतंय ते नाही बघत?"

बघतो हो. २००५ चा पूर बघितलेला कुठला सांगलीकर ते बघत नाही? आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पण बिछाने माडीवर न्यायचे की नाही ते ठरतं पाणी चढण्याच्या वेगावर. पाणी चार दिवसांत इंच-इंच आलं तर माणसं, जनावरं, धान्य, सगळं हलवता येतं. तेवढंच पाणी एका रात्रीत आलं तर पोथीसुद्धा उचलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आईंच्या पेशींना सामान हलवायला वेळ मिळाला नाही."

याचा अर्थ नेहमीच सावकाश असाही नाही. कुणाचं सोडियम काही तासांतच झपाट्याने उतरलं, मॅरेथॉनमध्ये भसाभसा पाणी प्यायलेल्याचं उतरतं तसं, तर मेंदूला जुळवून घ्यायला वेळच मिळालेला नसतो. तो सुजतो आणि तेव्हा ते लगेच थोडं वर आणावं लागतं. फिट आली तरीही तसंच. माणूस कुठल्या प्रकारातला, हे ओळखणं हेच डॉक्टरचं काम. आम्ही आपले सलाईनच्या थेंबांकडे बघत, हळू का पडतंय म्हणून कुरकुरत बसतो.

पुढचे तीन आठवडे आईचे फक्त डोळे हलत होते. तिला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. नाकात नळी. एकदा उघडझाप म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पण हो-नाहीच्या पलीकडचं काही तिला सांगायचं आहे, हे नजरेतून दिसायचं. वहिनीला युक्ती सुचली. वर्ग एक, 'क' चा? 'च' चा? 'ट' चा? असं विचारत जायचं, आई डोळे मिटेल तिथे थांबायचं, मग त्या वर्गातलं अक्षर, मग काना-मात्रा. तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवलेल्या बाईला आम्ही बाराखडी विचारत होतो. पहिला शब्द निघायला पाऊण तास लागला असेल. मी धास्तावले होते, काय सांगेल म्हणून. 'प'ला काना. 'ठ'. मग 'ख'ला काना, 'ज'. पाठ खाज. तीन आठवडे त्या बाईची पाठ खाजत होती! मी आणि वहिनी तिची पाठ खाजवत खाजवत रडलो आणि हसलो.

जून संपता संपता उजव्या हाताचं बोट हललं. हे वेष्टण काही प्रमाणात पुन्हा धरतं, आणि माणसं कधीकधी अपेक्षेपेक्षा बरीच सावरतात असं डॉक्टर सांगायचे, पण आम्ही ते समजूत म्हणून ऐकायचो. नळी सात आठवड्यांनी निघाली. बसायला सप्टेंबर लागला, वॉकर धरून चालायला दिवाळी. बोलणं सगळ्यात शेवटी आलं आणि अजूनही जड आहे, एकेक शब्द तोलून टाकल्यासारखं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती आमच्याकडेच होती. आयर्विनचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आमचं घर वाचलं, पण गावभागातली पाहुणेमंडळी, अकरा माणसं, आठ दिवस घरात. टीव्हीवर सारखं विसर्ग वाढवला, विसर्ग वाढवला. आई खुर्चीत बसून ते ऐकायची. एकदा मला म्हणाली, "माझ्या... डोक्यात... असंच... ना?" डॉक्टरांचं ते बोलणं मी तिला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. कदाचित ती नुसते डोळे उघडे ठेवून पडलेली असताना तिच्या उशाशी बसून मी दादाला सांगितलं असेल.

आता दादाचं. २०१८ च्या जुलैत दादा पेटला होता. डॉक्टरला सोडणार नाही, केस करणार. साताऱ्याहून इनडोअर पेपरच्या झेरॉक्स काढून आणल्या, ओळखीच्या वकिलाकडे गेला. मी त्याला थांबवलं नाही, पाठिंबाही दिला नाही. रात्र-रात्र जागी असायचे. केस झाली असती तर त्या पोरसवदा सिस्टरला उभं केलं असतं आणि तिनं सांगितलं असतं. आणि मग एक दिवस दादा फोनवर म्हणाला, "जाऊ दे. आईकडे बघू. कोर्टकचेरीत जीव नाही घालवायचा." मी सुटले. मला वाटलं, दादाचा राग असाच, चढतो आणि उतरतो.

परवा फरशीवर बसून कागद लावताना त्या झेरॉक्स माझ्या हातात पहिल्यांदा आल्या. सिस्टर लोकांचा तो आडवा तक्ता असतो ना, वेळ, बीपी, नाडी, लघवी किती... त्यात पहाटे चारच्या रकान्यात त्या मुलीने घाईघाईच्या अक्षरात लिहिलंय की नातेवाइकांनी रक्त घेऊ दिलं नाही, मुलगी सोबत आहे. आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. दादा पेपरसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

बराच वेळ तशीच बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्याही मोजल्या नाहीत.

या सात-आठ वर्षांत या विषयावर मिळेल ते वाचलंय. २०२३ मध्ये टोरोंटोच्या पाच रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास आला. सोडियम कमी असलेले २२,८५८ दाखले तपासले, त्यातल्या कितीतरी जणांचं वेगाने चढलं होतं, आणि हे दुखणं झालं फक्त बारा जणांना. त्या बारातल्या सात जणांचं तर सावकाशच चढलं होतं. वेगावरून आता डॉक्टरांमध्येच वाद आहेत, फार सावकाश गेल्यानेही माणसं दगावतात असं काही जण म्हणतात. १०५ च्या खालचं सोडियम, कमी पोटॅशियम, कुपोषण, या गोष्टी असल्या की धोका मुळातच जास्त. आईचं पोटॅशियम २.९ होतं आणि खाणं तुम्हाला सांगितलंच. म्हणजे चारला रक्त घेतलं असतं तरी हे झालं असतं का? सांगता येत नाही. टळलं असतं का? तेही नाही. तो अभ्यास मी किती वेळा वाचला असेल, आणि का वाचला असेल, हे मी सांगायला नको. ज्या दिवशी मन चांगलं असतं त्या दिवशी ते सात जण आठवतात. एरवी पिशवीतली ती पाण्यासारखी लघवी.

संध्याकाळी दादाला फोन केला. म्हटलं, "तू तो तक्ता वाचला होतास?"

"कुठला?" म्हणाला. मग म्हणाला, "हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? बोलून आई उठणार होती का?" थोडा वेळ गप्प. "वकील म्हणाला हे आपल्याच अंगावर येईल. मी म्हटलं, मग नको. त्या रात्री मी तिथे असतो तर मीही तेच म्हटलं असतं. तिचे हात बघितले होते मी."

मी काही बोलू शकले नाही. दादा म्हणाला, "तू डॉक्टरला मात्र एकदा सांगायला हवं होतंस. त्यांना मी नको नको ते बोललोय." हे खरं आहे. ते डॉक्टर आता साताऱ्यात नाहीत, पण पत्ता शोधता येईल. पत्र लिहायला घेतलंय, दोनदा फाडलं. आईला अजून सांगितलेलं नाही. आता शाळेला सुट्टी लागली की दादा तिला घेऊन इकडे येणार आहे, तेव्हा सांगेन. ती वाचते अजून, चष्मा लावून, सावकाश. त्यामुळे तिने हे इथे वाचायच्या आत सांगायला हवं. वहिनी, तोवर तिला हे दाखवू नकोस.

फोन ठेवताना दादा म्हणाला, "आईचं सोडियम या महिन्यात करायचं राहिलंय, उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला. १३७. खाली लिहिलं होतं, आई विचारतेय कैऱ्या किती घेतल्यास.

सहा किलो, म्हणून कळवलं.